सात एम्ब्रियो आणि घरभर मतं

प्रिय ताई,

माझं वय ३१. माहेर-सासर दोन्ही बडोद्यातच, सासर दांडिया बाजारात. सासरे मराठी, सासूबाई लोहाणा, त्या काळचं लव्ह मॅरेज. सासूबाईंच्या भावाच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे. तो २१ वर्षांचा आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावं लागतं. नवरात्रीच्या तोंडावर मुद्दाम तारीख लावून घेतो, म्हणजे अंगात ताकद राहते आणि गरबा खेळता येतो.

आजार घरात आहे हे माहीत असूनही आमच्या लग्नात कोणी रक्ताचं विचारलं नाही. पत्रिका मात्र तीन ठिकाणी दाखवली. माझं रक्त कॉलेजात पहिल्या वर्षाला तपासलं होतं, त्यात 'मायनर', म्हणजे आजार नाही पण वाहक, असं आलं होतं. माहेरी सगळे म्हणाले, हे सिंधी-गुजरात्यांत असतं, आपल्यात नसतं. तो कागद फाईलला लागला तो लागलाच.

मागच्या वर्षी दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासलं. नवराही मायनर. बाराव्या आठवड्यात तपासणी केली, बाळ मेजर निघालं. आम्ही गर्भपात केला.

आता आयव्हीएफ करून एम्ब्रियो (प्रयोगशाळेत तयार झालेले गर्भ) तपासून घेतले. सात जणांचा रिपोर्ट आलाय. दोन मेजर, तीन मायनर, एक नॉर्मल, एकापुढे 'निष्कर्ष नाही'. कागद डायनिंग टेबलवर पडलेला असतो आणि येणारा-जाणारा त्यावर मत देतो. सासरे म्हणतात, नॉर्मल तेवढा ठेवा, मायनरही नको, वंशातली कीड इथेच संपवू. सासूबाई हळूच विचारतात, मुलगा कुठला ते लिहिलंय का? न्यू जर्सीची नणंद म्हणते, इकडच्या कंपन्या एम्ब्रियोच्या डीएनएवरून उंची, बुद्धी, डायबिटीस सगळ्याचा स्कोअर काढून देतात, डेटा पाठव, पैसे मी भरते, एवढा खर्च केलाच आहे तर बेस्ट घ्या. नवरा क्रिस्परचे, म्हणजे जनुकं दुरुस्त करण्याच्या तंत्राचे, व्हिडिओ बघतो आणि विचारतो, मेजरवाले दोन दुरुस्तच का करून घेऊ नयेत? एक मैत्रीण म्हणाली, हे सगळं हिटलरचंच आहे, फक्त एसी क्लिनिकमध्ये.

आणि परवा मी त्या दिराबरोबर वॉर्डात बसले होते. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात मोबाईल. वर न बघताच म्हणाला, "भाभी, मी तुमच्या लिस्टमध्ये असतो तर मला काढला असता ना?" मी काहीच बोलले नाही. ताई, मी चूक करतेय का?

दांडिया बाजारातली एक सून

---

अगं, नाही. मेजरचे दोन एम्ब्रियो न वापरणं ही चूक नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. (वयाने बरीच मोठी आहे, अगं-तुगं करते, राग मानू नकोस.) आजाराचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. दोघांच्या रक्तात तो कागदावर सिद्ध झालाय. प्रत्येक खेपेला चारात एक या हिशोबाने तो येऊ शकतो, आणि आला तर मूल वर्षा-दोन वर्षांचं होईतो रक्त चढवायला सुरुवात होते ती जन्मभर. हे टाळायचा प्रयत्न आईबापांनी केला तर त्यात कोणावर अन्याय होत नाही. कायदाही तुमच्या बाजूने आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यात गर्भाची तपासणी कशाकशासाठी करता येईल ते नेमून दिलंय, त्यात हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार येतात. आयव्हीएफसाठी २०२१ साली वेगळा कायदा आला. त्यात म्हटलंय की एम्ब्रियोची जनुकीय तपासणी करायची ती आधीपासून माहीत असलेल्या, आनुवंशिक आजारांसाठी. 'माहीत असलेल्या' एवढं ध्यानात ठेव, नणंदेचं बोलताना लागेल.

गर्भपाताबद्दल तू तीन शब्द लिहून थांबलीस. मीही तिथे शिरत नाही. पण तेवढ्यासाठी तू पुढे कितीतरी दिवस पोटात इंजेक्शनं टोचून घेतलीस, भूल घेऊन स्त्रीबीजं काढून दिलीस, हे त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांच्या लक्षात आहे का, असं पत्र वाचताना सारखं वाटत होतं. तो कागद आजच टेबलावरून उचल आणि कपाटात ठेव. तो तुमच्या दोघांचा मेडिकल रिपोर्ट आहे, लग्नाचा अल्बम नाही.

आता घाईचं काम. सासरे मायनरचे तीन टाकून द्यायला निघालेत, ते थांबव. मायनर माणूस आजारी नसतो. एक जनुक बिघडलेलं, जोडीचं धड, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं आणि तपासणीत एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतो. त्याला आयुष्यात काळजी घ्यायची ती एवढीच, की मूल व्हायच्या आधी जोडीदाराचं रक्त तपासायचं. देशात दर शंभरात तीन-चार माणसं अशी आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, बंगाली यांच्यात प्रमाण जास्त, पण कोळी आणि सारस्वतही त्या यादीत आहेत, तेव्हा 'आपल्यात नसतं' हे माहेरच्यांनाही एकदा ऐकव. तू मायनर. तुझा नवरा मायनर. त्याला ते बहुधा सासूबाईंकडून आलं, म्हणजे त्याही मायनर. सासऱ्यांचा नियम त्यांच्याच लग्नाच्या वेळी कोणी लावला असता तर आज त्या टेबलाशी कोणकोण बसलेलं असतं, ते त्यांनाच मोजायला सांग.

आणि हे फक्त तत्त्वाचं नाही. एक एम्ब्रियो गर्भाशयात सोडला की दिवस राहिलेच, असं आयव्हीएफमध्ये होत नाही. चांगल्या हातातही कित्येक रुजत नाहीत. तीन निरोगी टाकून एकावर भिस्त ठेवायची आणि तो रुजला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सगळं तुझ्याच अंगावर. सासऱ्यांच्या नव्हे.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. 'वंशातली कीड संपवू' हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी भल्याभल्या शहाण्यांच्या तोंडी होतं, आणि ते सगळे काही राक्षस नव्हते. डॉक्टर होते, न्यायाधीश होते, प्राध्यापक होते. १८८३ मध्ये इंग्लंडात गाल्टनने या विचाराला युजेनिक्स असं नाव दिलं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या तरुणीचा खटला थेट तिकडच्या सुप्रीम कोर्टात गेला. तिची आई मतिमंद, ती मतिमंद आणि तिची तान्ही मुलगीही मतिमंद असं ठरवून कोर्टाने तिची नसबंदी कायदेशीर ठरवली. 'मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असं न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत गेली आणि हुशार मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं. आठ वर्षांची होऊन आजारपणात गेली बिचारी. अमेरिकेत अशा ६० हजारांवर नसबंद्या झाल्या. जर्मनीने १९३३ मध्ये असाच कायदा केला, आणि तिथे सुमारे चार लाख माणसांवर हा प्रयोग झाला. त्याच्या पुढचं तुझ्या मैत्रिणीला माहीत आहेच.

आपण त्यातले नव्हतो, असं समजायचं कारण नाही. त्याच १९२७ साली ना. सी. फडक्यांनी, हो, कादंबऱ्यावाल्या फडक्यांनीच, इंग्रजीत एक पुस्तक लिहून भारतात सुप्रजाजननाची, म्हणजे युजेनिक्सचीच, चळवळ हवी असा आग्रह धरला. त्याला प्रस्तावना अमेरिकेत संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या मार्गारेट सँगरबाईंची. संततिनियमन आणि सुप्रजाजनन हे दोन विषय तेव्हा हातात हात घालून फिरत होते, आणि सुधारक माणसाला दोन्ही सुधारणाच वाटत.

पण मला या सगळ्यात जास्त आठवतात त्या इरावतीबाई कर्वे. 'युगान्त'वाल्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. ऐन विशीत त्या बर्लिनला गेल्या त्या कुठल्या संस्थेत, माहीत आहे? मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स असं जिचं नावच होतं, तिथे. मार्गदर्शक युजेन फिशर. युरोपियन माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून वेगळी आणि त्यामागे त्याची वरचढ बुद्धी, असा या गृहस्थांचा कयास. इरावतीबाईंना काम दिलं ते कवट्या मोजायचं. त्यांनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली आणि १९३० साली डॉक्टरेट घेतली ती, वंशागणिक असा काही फरक आढळत नाही, हे लिहून. परदेशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्याच मताविरुद्ध. पुढे तीच संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा शिक्का पुरवत राहिली.

आणि तू राहतेस त्या गावात तर हा वाद आणखी जवळचा आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी खोली दिली नाही. पारशी वसतिगृहातून हुसकावलं गेल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले, ती जागा तुला माहीत असेल. त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जाती म्हणजे वंशशुद्धीची शास्त्रीय योजना' असं म्हणणाऱ्यांचा समाचार घेतला. जातीने इतकी शतकं चांगली पैदास राखली म्हणता, मग ही माणसं इतकी खुजी आणि अशक्त का, नऊ-दशांश लोक सैन्यात घ्यायच्या लायकीचे का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. तीन ठिकाणी पत्रिका दाखवणाऱ्या आणि रक्त न तपासणाऱ्या घराने तो जरूर वाचावा.

मग तुमच्या क्लिनिकात आणि त्या कायद्यांत फरक काय? माझ्या मते फरक सुईत किंवा मशीनमध्ये नाही. कॅरी बकला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिच्यासाठी म्हणूनही कोणी ते केलं नव्हतं. समाजाचा दर्जा सुधारायचा होता, ती मधे आली. तुम्ही दोघं एका मुलाची यातना टाळायला बघता आहात, स्वतःच्या मर्जीने, आणि नको वाटलं तर उद्या थांबूही शकता. सायप्रसने हे बऱ्यापैकी सांभाळलं. तिथे थॅलेसेमिया इतका होता की लग्नाआधी चर्चमध्ये तपासणीचं सर्टिफिकेट द्यावं लागे, पण त्यावर एवढंच असे की तपासणी झाली, सल्ला मिळाला. रिपोर्ट काय आला ते पाद्र्याला कळत नसे आणि लग्न अडत नसे. तरीही मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले.

तर मैत्रिणीला सांग, हिटलर वगैरे ठीक, पण आपल्याकडे धोका वरून हुकूम सुटण्याचा नाही. आपल्याकडे डायनिंग टेबल पुरतं. गुजरातेत २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९० मुली होत्या. कुठल्या सरकारने सांगितलं होतं? सोनोग्राफीचं एक मशीन, एक सासू, एक खालच्या आवाजातला प्रश्न, आणि उरलेलं काम घराघरांत आपोआप झालं. तुझ्या सासूबाईंचा तो हळूच विचारलेला प्रश्न मला म्हणून भोळा वाटत नाही. आपल्या लॅब मुलगा-मुलगी रिपोर्टमध्ये छापत नाहीत, छापणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, तुरुंगापर्यंत नेणारा. आणि कायदा असं धरूनच चालतो की गरोदर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बळजबरी केली. नसेल केली तर ते त्यांनी सिद्ध करायचं. एवढं त्यांना प्रेमाने सांग, दुसऱ्यांदा विचारणार नाहीत.

नणंदेची ऑफर इथेच येऊन मिळते. अमेरिकेत मुलगा-मुलगी झाकून ठेवत नाहीत. तो डेटा एकदा तिकडे गेला की स्कोअरच्या जोडीने तेही कळणार, आणि एकदा घरात कळलं की ते कोणी विसरणार नाही. पण तेवढ्यावर भागवत नाही, कारण नणंद काही वाईट हेतूने बोलत नाहीये. तिला खरंच वाटतंय की भाचा-भाचीला चांगलं काही द्यावं. तेव्हा ती काय विकत घेऊन देतेय ते बघू.

थॅलेसेमिया एका जनुकाचा मामला आहे. आहे किंवा नाही, सरळ सांगता येतं. उंचीत आणि बुद्धीत हजारो ठिकाणच्या बारीकसारीक फरकांची बेरीज असते, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि वर घर, शाळा, आजारपणं, नशीब. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी हिशोब मांडला की दहा एम्ब्रियोंतून सर्वांत वरच्या स्कोअरचा निवडला तर सरासरी फायदा किती. उंचीत सुमारे अडीच सेंटीमीटर, आयक्यूत सुमारे अडीच गुण. तेच मूल दोन वेगळ्या दिवशी परीक्षेला बसलं तर गुणांत याहून जास्त फरक पडू शकतो. याच संशोधकांनी भरपूर मुलं असलेली, आता मोठी झालेली खरी कुटुंबं तपासली, तर सर्वांत वरच्या स्कोअरचं भावंड पुष्कळदा सर्वांत उंच नव्हतंच. शिवाय हे स्कोअर बहुतांशी युरोपियन वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेत, आपल्यासारख्यांवर ते आणखी ढिले पडतात. तुझ्याकडे तर दहा नाहीत, चार आहेत. आणि शिक्षणाचा स्कोअर वाढवणारी काही जनुकं बायपोलर आजाराशीही जोडलेली सापडतात, तेव्हा एक वाढवताना सोबत काय उचलतोय ते कळायला मार्ग नाही.

समजा, उद्या हे स्कोअर अचूक झाले. तरी मी नको म्हणेन. मेजर नको म्हणताना तुम्ही एका आजाराला नको म्हणता. स्कोअर लावताना चार निरोगी मुलांची रांग लावता आणि पहिला नंबर घरी आणता. त्या मुलाचं पुढे काय होतं, ते आपल्या गावात कुठल्याही कोचिंग क्लासच्या फाटकाशी उभं राहून बघ. दहावीला त्र्याऐंशी टक्के पडले की जिथे आईबाप तीन दिवस बोलत नाहीत, तिथे 'तुला तर निवडून आणला होता, न्यू जर्सीहून रिपोर्ट मागवला होता' हे वाक्य किती वर्षांनी बाहेर पडेल? मला तर तो टोमणा आत्ताच ऐकू येतोय, सासऱ्यांच्या आवाजात. तुझी नणंद जे पैसे भरायला तयार आहे, ते मुलाच्या नावाने बँकेत टाकू दे. नाहीतर तुझ्या पुढच्या खेपेच्या औषधांना. आणि तिला नाही म्हणायचं काम तुझ्या नवऱ्याने करायचं. बहीण त्याची आहे.

नवऱ्याचा प्रश्न दोन ओळींत मिटतो. मानवी गर्भात जनुकबदल करून मूल जन्माला घालायला भारतात मनाई आहे. चीनमध्ये 'हे जियानक्वी' नावाच्या शास्त्रज्ञाने तसं केलं, २०१८ मध्ये त्या जुळ्या मुलींची बातमी आली, २०१९ अखेर त्याला तीन वर्षांची कैद झाली. वडिलांना एचआयव्ही होता म्हणून मुलींचं एक जनुक बदललं, जेव्हा शुक्राणू धुऊन घेण्याची साधी पद्धत आधीच उपलब्ध होती. तुमचंही तसंच. दुरुस्त कशाला करायचं, चार निरोगी फ्रीजरमध्ये आहेत की! जे बिघडवलं तर मुलाच्या मुलांपर्यंत जाईल आणि ज्याला विचारता येत नाही त्याच्यावर करायचं, ते गरज नसताना तर नकोच.

क्रिस्परचं खरं काम कुठे आहे, तर तुझ्या दिरासारख्यांपाशी. रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी काढून, त्यात बदल करून परत देण्याचा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केला, अमेरिकेने थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये. त्याने लहानपणीचं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. बदल त्या माणसापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही, आणि तो माणूस स्वतः हो किंवा नाही म्हणतो. आधी केमोथेरपी सोसावी लागते. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आकडा वाचून नवऱ्याला सांग, व्हिडिओ बघायचे तर याचे बघ, ही किंमत खाली कशी येईल त्याचे.

आता तुझा दीर. तुझ्या पत्रातलं मला खरं अवघड वाटलं ते एवढंच.

पहिली गोष्ट, त्याला खोटं सांगू नकोस. "छे, असं कसं" म्हणालीस तर तो पुन्हा कधी तुझ्याशी हे बोलणार नाही. जो पोरगा स्वतःच्या फेरिटिनचा (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा) आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा लक्षात ठेवत असणार, त्याला चारात एकचा हिशोब तुझ्याआधीपासून येतो. उत्तर 'हो' आहे आणि ते त्याला माहीत आहे. तो तुझ्याकडून दुसरंच काहीतरी तपासून बघतोय. आपण घरच्यांना ओझं आहोत का, आणि आता जे टाळता येतं ते असल्यामुळे आपण जास्तच ओझं झालो का.

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. अपंगांच्या चळवळीतली माणसं कित्येक वर्षं म्हणताहेत की अशा निवडीतून, आमच्यासारखे नसलेले बरे, असा निरोप जातो. मला त्यांचं अर्धं पटतं. एम्ब्रियोला फेरिटिन नसतं, मोबाईल नसतो, नवरात्रीची तारीख साधायची धडपड नसते. तो अजून कोणी झालेला नाही, आणि तुझा दीर २१ वर्षं कोणीतरी आहे. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालायच्या नाहीत. हे माझं. त्यांचं बरोबर आहे ते पुढचं. आजार टाळता येतो असं झालं की लोक आजारी मुलाच्या आईला विचारायला लागतात, "तपासणी केली नव्हती का?" मग मदत करणाऱ्याचा हात आखडतो, कारण चूक जणू तिचीच. तुझ्या मामेसासूबाईंना हा प्रश्न आजवर किती जणांनी विचारला असेल, कधी विचारून बघ. सासऱ्यांचं ते किडीचं वाक्य त्या पोराच्या कानावर गेलंय की नाही, याचीही मला शंका आहे. तो प्रश्न त्याला उगाच सुचला नसेल.

तेव्हा त्याला काहीसं असं सांग: "हो, तसा एम्ब्रियो आम्ही ठेवत नाही आहोत. दर तीन आठवड्यांनी तुझ्या हातात शीर सापडेपर्यंत नर्स टोचते ते मी बघते, म्हणून. पण तू नसतास तर बरं, असं मला एकदाही वाटलेलं नाही, आणि घरात कोणी तसं बोललं तर मला सांग." यातलं शेवटचं करायची तयारी असेल तरच बोल. तो रागावेल कदाचित, किंवा विषय बदलेल. बदलू दे. त्याला पटवत बसू नकोस. त्याचं मतही विचार, कारण या घरात थॅलेसेमियाबद्दल ज्याला खरोखर कळतं असा तो एकटा आहे आणि टेबलावर मत देणाऱ्यांत तोच नाही. उद्या त्याचंही लग्न होईल. जोडीदार नॉर्मल असेल तर त्याची मुलं सगळी मायनर होतील, एकही मेजर नाही. सासऱ्यांच्या नियमात तीही बसत नाहीत, बघ.

शब्दांपेक्षा त्याला रक्त लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि रक्तपेढ्या आटतात, तेव्हा याच मुलांची तारीख पुढे ढकलली जाते. तुम्ही दोघं मायनर, तुमचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल असं नाही, तेव्हा तुम्हाला कदाचित परत पाठवतील. सासरे साठीच्या आतले आणि धडधाकट असतील तर त्यांना घेऊन जा. वंशाची एवढी काळजी आहे तर हे करण्यासारखं आहे. आणि थॅलेसेमिया २०१६ च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. त्याचं प्रमाणपत्र काढलंय का बघ, नसेल तर तू मागे लाग, अशी कामं घरातल्या एकाने अंगावर घेतली तरच होतात.

क्लिनिकात पुढच्या वेळी फक्त तुम्ही दोघं जा, आणि जनुकीय समुपदेशकाची वेगळी वेळ मागून घ्या. नॉर्मल आणि मायनर या चारांतला आधी कुठला सोडायचा ते एम्ब्रियोच्या प्रतीवरून डॉक्टरांना ठरवू दे. 'निष्कर्ष नाही'वाल्याची पुन्हा तपासणी होऊ शकते का ते विचार, घाई नाही. गोठवलेले एम्ब्रियो कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. मेजरच्या दोघांचं काय करायचं, संशोधनाला द्यायचे की सोडून द्यायचे, याच्या फॉर्मवर वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी रडू आलं तर येऊ दे, त्याने तुमचा निर्णय चुकीचा ठरत नाही. दिवस राहिले की अकरा ते तेरा आठवड्यांत वार (प्लासेंटा) तपासून घ्या, नाहीतर सोळानंतर गर्भजल, कारण एम्ब्रियोची तपासणी पाच-दहा पेशींवर झालेली असते आणि ती क्वचित चुकते. फोलिक ॲसिड चालू ठेव, पण लोहाच्या गोळ्या फेरिटिन बघितल्याशिवाय सुरू करू नकोस. तू मायनर आहेस हे फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घे.